परवाना देशाचा, उत्तरदायित्व कोणाचे?

विमा विकावयास येणारा माणूस बहुधा ओळखीचा असतो. जतसारख्या तालुक्याच्या गावात तो कोणाचा तरी मेहुणा असतो, शाळेतील गुरुजींचा मुलगा असतो किंवा पतसंस्थेत रोज भेटणारा कारकून असतो. त्याच्यावर विश्वास ठेवूनच लोक हप्ता भरतात. हानी झाल्यावर दाराशी येणारा माणूस मात्र सर्वस्वी अनोळखी असतो. तो सांगलीहून येतो, कोल्हापूर-पुण्याहून येतो, कधी विजापूर किंवा बेळगावहूनही येतो. अर्धा-पाऊण तास पाहणी करतो, छायाचित्रे घेतो, चार प्रश्न विचारतो, कागदावर सही घेतो आणि निघून जातो. पुढे काही आठवड्यांनी कंपनीचे पत्र येते. त्यात लिहिलेला आकडा त्या अर्ध्या-पाऊण तासातून निघालेला असतो. हा माणूस कोण, त्याला हानी मोजण्याचा अधिकार कोणी दिला आणि चुकला तर त्याने जाब कोणाला द्यावयाचा, हे प्रश्न विमाधारक कुटुंबाला सहसा सुचत नाहीत. सुचले तरी विचारण्याचे धाडस होत नाही.

या माणसाला व्यवहारात ‘सर्व्हेअर’ म्हणतात. कायद्याच्या भाषेत तो ‘सर्वेक्षक व हानिनिर्धारक’ होय. १९३८ च्या विमा कायद्यात १९६८ साली दुरुस्ती होऊन कलम ६४ यूएम घालण्यात आले आणि वीस हजार रुपये व त्याहून अधिक रकमेच्या दाव्यासाठी परवानाधारक सर्वेक्षकाचा अहवाल आवश्यक ठरला. विमा क्षेत्र खुले झाल्यावर २००० साली नियामक प्राधिकरणाने या व्यवसायासाठी स्वतंत्र विनियम केले. अभियांत्रिकी, लेखापरीक्षण यांसारखे शिक्षण, अनुभवी सर्वेक्षकाच्या हाताखाली वर्षभराची उमेदवारी आणि त्यानंतर परीक्षा, असा परवान्याचा मार्ग ठरला. २००५ साली हैदराबाद येथे सर्वेक्षकांची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. २०१५ साली विनियम नव्याने आले, तेव्हा आग, सागरी माल, यंत्रसामग्री, वाहन यांच्याबरोबर पीक विमा ही शाखाही नोंदली गेली.

यातील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हा परवाना कोणत्याही एका राज्याचा नाही. हैदराबादच्या प्राधिकरणाने दिलेला परवाना कन्याकुमारीला चालतो, तसाच कांगड्यालाही चालतो. विजापूरचा सर्वेक्षक जतला येऊन हानी मोजू शकतो आणि सांगलीचा सर्वेक्षक अथणीला जाऊन मोजू शकतो. राज्याची सीमा ओलांडण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही.

सीमेवरच्या तालुक्याचा प्रश्न

जतला हा प्रश्न पुस्तकी नाही. सांगली जिल्ह्यातील क्षेत्रफळाने सर्वांत मोठा आणि पावसाने सर्वांत दुर्दैवी असा हा तालुका. डफळे घराण्याचे हे संस्थान १९४८ च्या मार्चमध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच्या एका अंगाला अथणी, दुसऱ्या अंगाला विजापूर जिल्हा, तर वर मंगळवेढा-सांगोला. पूर्व भागातील उमदी, संख या पट्ट्यात घराघरांत कानडी बोलली जाते आणि बाजारात दोन्ही भाषा चालतात. येथील डाळिंब, बेदाणा आणि जनावरे दोन्ही राज्यांच्या बाजारपेठांत जातात. वाहने रोज सीमा ओलांडतात. त्यामुळे जतच्या टेम्पोला अपघात झाला, तर तो महाराष्ट्रातच होईल असे नाही.

समजा, जतचा मालवाहू टेम्पो विजापूरच्या रस्त्यावर उलटला. विम्याचे कागद सांगलीच्या शाखेतले, अपघाताची जागा कर्नाटकातली, पोलिसांचा पंचनामा कानडीत. वाहन हलविण्यापूर्वी जागेवर पाहणी व्हावी लागते. ती तिथलाच सर्वेक्षक करतो. वाहन ओढून गॅरेजमध्ये आणल्यावर दुरुस्तीचा अंदाज तपासावयास बहुधा दुसरा सर्वेक्षक येतो. या दोघांच्या अहवालांचा मेळ बसला तर भरपाई सुरळीत मिळते; बसला नाही तर मालक दोन राज्यांत आणि दोन भाषांत खेपा घालत बसतो.

अशा अनुभवांतून एक मागणी अधूनमधून ऐकू येते. ‘बाहेरचा सर्वेक्षक नको, आपल्या जिल्ह्याचा, आपल्या राज्याचा हवा.’ या मागणीमागची व्यथा खरी आहे. बाहेरून आलेल्या माणसाला इथली माती ठाऊक नसते, भाषा येत नाही आणि पुन्हा या गावात तोंड दाखवावयाचे नसल्याने लोकलज्जाही नसते. परंतु व्यथा खरी असली तरी त्यावरचा हा उपाय चुकीचा आहे.

राज्यागणिक परवाना असला तर काय होते, हे पाहावयाचे असेल तर अमेरिकेकडे पाहावे. तिथे १९४५ च्या कायद्याने विमा व्यवसायाचे नियमन राज्यांकडे सोपविले. परिणामी हानिनिर्धारकाचा परवानाही राज्याराज्याचा झाला. टेक्ससचा माणूस फ्लोरिडात काम करू इच्छित असेल तर त्याला ‘अनिवासी’ म्हणून तिथला परवाना घ्यावा लागतो. काही राज्ये परस्परांचे परवाने मानतात, काहींच्या अटी वेगळ्या, तर काही राज्यांत अशा परवान्याची पद्धतच नाही. मग तिथल्या रहिवाशाने दुसरे एखादे राज्य आपले ‘गृहराज्य’ म्हणून निवडावयाचे. हा गुंता इतका की चक्रीवादळ येऊन हजारो घरे पडली म्हणजे राज्यांना बाहेरच्या हानिनिर्धारकांसाठी तातडीचे तात्पुरते परवाने काढावे लागतात. संकटाच्या वेळी माणसे लागतात ती बाहेरूनच येतात, हे शेवटी त्यांनाही मान्य करावे लागले.

आपल्याकडील अनुभवही हेच सांगतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईतील असंख्य वाहने, दुकाने, गोदामे पाण्याखाली गेली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेने सांगली बुडविली. अशा प्रसंगी एका जिल्ह्यातील मूठभर सर्वेक्षकांच्या भरवशावर राहिले तर दावे वर्षभर पडून राहतील. शिवाय स्थानिक सर्वेक्षकाची घरेदारेही त्याच पुरात असतात. देश एक असेल तर देशाच्या एका भागातील कौशल्य दुसऱ्या भागाच्या संकटात विनाअडथळा पोहोचलेच पाहिजे. त्यात राज्याच्या वेशीवर नाका उभारणे शहाणपणाचे नाही. देशव्यापी परवान्याची आपली पद्धत योग्य आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे.

परवाना कुठे संपतो?

मग दोष कुठे आहे? सामान्य माणसाच्या दाव्यापर्यंत हा परवाना पोहोचतच नाही, इथे खरी मेख आहे.

वीस हजारांची मर्यादा जवळपास अर्धे शतक तशीच राहिली. २०१५ च्या विनियमांनी ती वाहनांसाठी पन्नास हजार आणि इतर विम्यासाठी एक लाख रुपयांवर नेली. महागाईचा हिशेब केला तर या वाढीला कारण आहे. परंतु जतमधील कुटुंबांच्या विम्याकडे पाहावे. दुचाकीची मोडतोड, किराणा दुकानातील शॉर्ट सर्किट, गोठ्यातील गाय, माडग्याळी मेंढ्या या साऱ्यांचे दावे बहुधा त्या मर्यादेच्या खालीच असतात. तिथे परवानाधारक सर्वेक्षक नेमण्याचे बंधन कंपनीवर नाही. कंपनीचा कर्मचारी वा कंपनीने पाठविलेला कोणीही पाहणी करू शकतो. म्हणजे कारखानदाराच्या कोटीच्या दाव्याला शिक्षण, उमेदवारी आणि परीक्षा यांतून तयार झालेला माणूस, आणि ज्याची सगळी पुंजी एका गाईत आहे त्याच्या दाव्याला कोणताही माणूस! रकमेने लहान असलेला दावा कुटुंबाच्या दृष्टीने लहान नसतो, ही साधी गोष्ट नियमांत उतरलेली नाही.

शेतीची स्थिती याहून नाजूक आहे. २०१६ च्या खरिपापासून प्रधानमंत्री पीक विमा योजना आली. शेतकऱ्याचा हप्ता खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी व फळपिकांना पाच टक्के. उरलेला भार केंद्र व राज्य शासनाचा. ही रचना निःसंशय हिताची होती. गारपीट, भूस्खलन, शेतात पाणी साचणे अशा स्थानिक आपत्तीत शेतकऱ्याने ७२ तासांत सूचना द्यावी, कंपनीने ४८ तासांत हानिनिर्धारक नेमावा, त्याने, तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याने आणि शेतकऱ्याने मिळून दहा दिवसांत पाहणी पुरी करावी, असा क्रम मार्गदर्शक सूचनांत आखून दिला होता. कागदावर तो निर्दोष होता. परंतु एका हंगामात हजारो सूचना आल्या, तेव्हा एवढी जाणती माणसे आणावयाची कुठून, हा प्रश्न उभा राहिला. अनेक ठिकाणी हंगामापुरती भरती केलेली, पिकाची फारशी ओळख नसलेली तरुण मुले मोबाइल घेऊन बांधावर उभी राहिली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना तयार कोणी केले नाही, हा दोष आहे.

हानी मोजणे हे किती जाणतेपणाचे काम आहे, हे जतच्या डाळिंब बागेत उभे राहिल्यावर कळते. फळावर डाग आहे. तो गारेचा व्रण की तेल्या रोगाचा डाग? गारेचा मार बहुधा फळाच्या उघड्या बाजूला बसतो; तेल्याचा तेलकट, काळपट डाग पसरतो आणि फळ तडकते. गारपिटीचे संरक्षण विम्यात असू शकते, तेल्याचे नसते. या दोन डागांतील भेद ज्याला कळत नाही तो एका शेतकऱ्याचा खरा दावा फेटाळील आणि दुसऱ्याचा खोटा मान्य करील. द्राक्षाची बाग फुलोऱ्यात होती की मण्यांत पाणी भरत होते, यावर हानीचे प्रमाण बदलते. घडाची हानी डोळ्यांना दिसते. काडीला झालेली जखम पुढच्या फुटीवर कसा परिणाम करील, हे जाणत्यालाच समजते. बहार कोणता धरला होता, हे विचारण्यासाठी शेतकऱ्याची भाषा यावी लागते. उमदीच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने कानडीत सांगितलेले मराठी सर्वेक्षकाला कळले नाही आणि बेळगावच्या सर्वेक्षकाचा इंग्रजी अहवाल कोणालाच वाचता आला नाही, तर त्या पाहणीला अर्थ काय उरला?

माणूस वगळून भागेल काय?

या अव्यवस्थेवर महाराष्ट्रात जो उपाय निघाला, तो अधिक विचार करावयास लावणारा आहे. २०२३ च्या खरिपात राज्याने एक रुपयात पीक विमा दिला. अर्जांची संख्या भरमसाट वाढली. त्यांत बोगस अर्जही मोठ्या प्रमाणावर निघाले. २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली आणि त्याचबरोबर स्थानिक आपत्ती, काढणीपश्चात नुकसान यांसारखी संरक्षणे वगळून भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगांवर ठरविण्याचा निर्णय झाला. वैयक्तिक पंचनाम्याची कटकट संपली, असे शासनाला आणि कंपन्यांना वाटले असेल. परंतु ज्याच्या एकट्याच्या शिवारावर गारा पडल्या किंवा ओढ्याचे पाणी फिरले, त्याची हानी मंडळाच्या सरासरीत बुडून जाते. हानी मोजणारा माणूस अकुशल आहे, म्हणून मोजणेच बंद करावयाचे, हा न्याय चमत्कारिक होय. तराजू चुकीचा असेल तर तो दुरुस्त करावयाचा असतो. बाजारातून तराजूच काढून टाकावयाचा नसतो.

फळपिकांच्या हवामान आधारित विम्यात तर माणसाची जागा यंत्राने आधीच घेतली आहे. महसूल मंडळातील स्वयंचलित हवामान केंद्राने पाऊस आणि तापमान नोंदवावयाचे आणि त्या आकड्यांवरून भरपाई ठरावयाची. त्यात वशिला चालत नाही, हा गुण मान्य केला पाहिजे. पण जतच्या विस्तीर्ण मंडळांत एका गावात पाऊस आणि दुसऱ्या गावात कोरडे आभाळ, हा नित्याचा अनुभव आहे. यंत्र जिथे बसविले आहे तिथले सांगते. आठ-दहा मैलांवरच्या बागेचे सांगत नाही. यंत्राची जागा योग्य आहे काय, त्याची देखभाल होते काय, हे तपासणाराही शेवटी प्रशिक्षित आणि जबाबदार माणूसच हवा.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहिली पाहिजे. कंपन्या म्हणतात की प्रत्येक लहान दाव्याला परवानाधारक सर्वेक्षक नेमला तर त्याची फी भरपाईहून जास्त होईल. हे काही अंशी खरे आहे. विमाधारकही सगळे धुतल्या तांदळासारखे नसतात. जुनी मोडतोड नव्या अपघातात दाखविणे, न पेरलेल्या रानाचा विमा उतरविणे, मेलेल्या जनावराच्या कानातील बिल्ला बदलणे, हे प्रकार गावोगाव ठाऊक आहेत. विम्याचा निधी हा सर्वांनी मिळून जमविलेला असतो. खोटा दावा करणारा कंपनीला नव्हे, आपल्या शेजाऱ्याला लुबाडतो. परंतु या दोन्ही आक्षेपांवरचे उत्तर एकच आहे. खोटा दावा ओळखावयासही जाणता सर्वेक्षकच लागतो.

काय व्हावयास हवे

पहिली गोष्ट, हानी मोजणारा प्रत्येक जण, मग रक्कम काहीही असो आणि तो कोणत्याही राज्यातून आलेला असो, नोंदणीकृत असावा. लहान दाव्यांसाठी आणि शेतीसाठी अल्प प्रशिक्षणाचा वेगळा वर्ग करता येईल. तालुक्यातील कृषी पदवीधर, पशुवैद्यक, निवृत्त कृषी अधिकारी यांना त्यात घेतले तर फीचा भारही पेलता येईल आणि गावच्या तरुणांना प्रतिष्ठेचे काम मिळेल. दुसरी, सीमाभागात पाहणी करणाऱ्याला विमाधारकाची भाषा यावी, अन्यथा सोबत दुभाषी असावा. तिसरी, अहवालाचा सारांश मराठीत, आणि मागणी असेल तिथे कानडीत, विमाधारकाला आपणहून मिळावा. २००२ च्या विनियमांनीच विमाधारकाने मागितल्यास अहवालाची प्रत देण्याचे तत्त्व मान्य केले होते. मागितल्यावर देण्याऐवजी न मागता द्यावी, एवढीच सुधारणा हवी. चौथी, सर्वेक्षकाची फी कंपनी देत असल्याने त्याच्या निष्पक्षतेविषयी शंका राहते. दुसऱ्या सर्वेक्षकाकडून स्वतंत्र अहवाल मागविण्याचा अधिकार कायद्याने प्राधिकरणाला दिलेला आहे. तो सामान्य विमाधारकाच्या तक्रारीवरही वापरला गेला पाहिजे.

शासन करील तेव्हा करील. समाजाने मात्र वाट पाहू नये. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत स्थापन केली, तेव्हा ग्राहकाला राजा म्हणणे सोपे आणि त्याला जागे करणे अवघड होते. विमाधारकाला जागे करण्याचे काम आज तितकेच आवश्यक आहे. सर्वेक्षक आला की त्याचे नाव आणि परवाना क्रमांक लिहून घ्यावा. पाहणीच्या वेळी घरातील जाणत्याने हजर राहावे, आपलीही छायाचित्रे काढून ठेवावीत. कोऱ्या वा न समजलेल्या कागदावर सही करू नये. अहवालाची प्रत लेखी मागावी. निकाल पटला नाही तर कंपनीच्या तक्रार कक्षाकडे आणि त्यानंतर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येते. त्याला शुल्क लागत नाही. पीक विम्याच्या तक्रारींसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती आहे. सर्वेक्षकाचा अहवाल ही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. तो महत्त्वाचा पुरावा असला तरी अंतिम शब्द नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध प्रदीपकुमार या खटल्यात स्पष्ट केले आहे. ही माहिती गावात दोघा-चौघांना जरी पक्की असली आणि ती शेजाऱ्याच्या अडीअडचणीला उपयोगी पडली, तरी मोठे काम होईल. कार्यकर्त्यांनी मनावर घेतले तर प्रत्येक मोठ्या गावात असा एखादा जाणता तयार करणे अवघड नाही.

जतच्या काही गावांनी २०१२ साली पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते आणि २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकाच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी त्यांचाच दाखला देऊन जतवर हक्क सांगितला होता. त्या ठरावांचा बोध हा की सीमेवरच्या माणसाला राज्य कोणते यापेक्षा आपली दखल कोण घेतो, हे अधिक महत्त्वाचे वाटते. विम्याच्या बाबतीतही तसेच आहे. गारपिटीनंतर बागेत येणारा माणूस विजापूरचा आहे की सांगलीचा, याने शेतकऱ्याचे काही अडत नाही. तो आपले काम जाणणारा असावा, त्याने ऐकून घ्यावे आणि लिहिलेल्या आकड्याखाली स्वतःचे नाव व परवाना क्रमांक घालावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. ती पुरी करणे हे हप्ता घेणाऱ्या कंपनीचे आणि परवाना देणाऱ्या प्राधिकरणाचे कर्तव्य आहे.